खिडक्यांना चिकटवलेलं पत्र

लेनिनग्राद, २२ सप्टेंबर १९७४

प्रिय मावशी,

या वेळी मी ऐकणार नाही. गेल्या हिवाळ्यात तू सकाळी उठायचीस तेव्हा बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरलेली असायची, हे तू मला जूनमध्ये सांगितलंस, तेही हसत हसत. तू बासष्ट वर्षांची आहेस. माझ्याकडे दोन खोल्या आहेत, दोन्हीत गरम पाण्याचे नळ फिरवलेले आहेत, आणि एका खोलीत मी नुसत्या सुटकेस ठेवते. ती खोली तुझी.

तू म्हणशील, घर सोडवत नाही. म्हणून मी सरळ पैज लावते. मी दिवसभर लोकांच्या घरातली ऊब कुठून पळते याचीच गणितं करते, तेव्हा मला फसवू नकोस. १९ जानेवारीला, बाप्तिस्म्याच्या सणाच्या ऐन थंडीत, मी तोत्म्याला येईन. सकाळी भट्टी पेटवण्याआधी तुझ्या पलंगाजवळचा थर्मामीटर चौदाच्या खाली असला, तर तू माझ्यासोबत यायचं. चौदा किंवा वर असला, तर मी हा विषय जन्मात काढणार नाही. थर्मामीटर वेगळ्या पार्सलने पाठवला आहे, भिंतीला टांग.

तुझी हट्टी भाची,
रिम्मा


तोत्मा, ३ ऑक्टोबर

रिम्मे,

थर्मामीटर पोचला. कापसात गुंडाळून पाठवलास ते बरं केलंस, तो कापूस खिडकीच्या चौकटीत घालायला होईल. पैज मंजूर.

पण तुझ्या त्या खोलीत मी करू काय, तेही सांग. इथे ग्रंथालयातून निवृत्त झाले तरी निम्मं गाव अजून माझ्याच दारात येऊन विचारतं, आता काय वाचू. खाली सुखोना नदी आहे, मागे बटाट्याचं वावर आहे. आणि भिंतीपलीकडे प्रोखोर लुकिच आहे. तू लहानपणी त्याला घाबरायचीस, तो अळशीच्या गोदामात काटा धरायचा आणि तुला काट्यावर बसवून म्हणायचा, हे पोतं कमी भरतंय. त्याची बायको ताइसिया जाऊन नऊ वर्षं झाली. घराचे दोन भाग झाले तेव्हा मधलं दार खिळे ठोकून बंद केलं, ते तसंच आहे. रोज सकाळी सहाला तो त्या दारावर दोनदा टकटक करतो, म्हणजे जिवंत आहे, भट्टी पेटवली. मी पण दोनदा वाजवते. एवढाच आमचा संसार, हसू नकोस.

वरच्या माळ्यावरून हिवाळी चौकटी उतरवायला तोच आला होता. पाचही खिडक्यांना दुसरी चौकट बसली. आता कापूस, कोळशाची वाटी आणि चिकटपट्ट्या बाकी आहेत.

तुझी मावशी,
ग्लाफिरा


लेनिनग्राद, १२ ऑक्टोबर

मावशी,

आता नीट वाच आणि जसंच्या तसं कर. वाऱ्याच्या दिवशी मेणबत्ती पेटवून खिडकीच्या कडेकडेने फिरव. ज्योत जिथे वाकेल तिथे फट. दोन चौकटींच्या मध्ये खाली कापसाची जाड वळी, त्यावर तुझी ती लाल रोवनची फळं ठेवलीस तरी चालेल, दिसायला बरी. दमट होऊ नये म्हणून कोळसा किंवा मीठ. मग आतून कागदाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या, कणकेच्या खळीने चिकटवायच्या. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. साधा जाड कागद मिळव. वरचा छोटा झरोका मात्र मोकळा ठेव, नाहीतर भट्टीच्या धुराने गुदमरशील. बाहेरच्या दाराला आतून लोकरीचा जाड नमदा ठोक.

आणि सगळ्यात मोठं भोक कुठलं माहीत आहे? तुझं ते मधलं दार. त्या म्हाताऱ्याच्या बाजूला नुसता गारठा आहे, त्याला फट बुजवायची अक्कल नाही, तुझी अर्धी ऊब तो फुकट घेतो. त्या दाराच्या फटीवर आधी कागद चिकटव, मग दोन थर नमदा ठोक आणि त्यावर रजई टांग. हे केलं नाहीस तर पैज तू आत्ताच हरलीस.

रिम्मा


तोत्मा, २९ ऑक्टोबर

रिम्मे,

अक्षर मोठं आलं असेल, टाक खराब आहे.

सगळं झालं. मेणबत्तीने तर माझी करमणूक झाली, कपाटामागे ज्योत अशी आडवी पडली की विझलीच. तिथे एक बोट जाईल एवढी फट निघाली, बहुतेक माझ्या आजोबांच्या वेळची. कापूस घातला, फळं मांडली, कोळसा ठेवला.

जाड कागदासाठी मी कुंपणावरून प्रोखोर लुकिचला विचारलं. गोदामाच्या जुन्या पावत्यांचा गठ्ठा त्याच्याकडे पडून आहे, रासायनिक पेन्सिलीने भरलेल्या. तुला माहीत नसेल, त्या पेन्सिलीचं अक्षर ओलं झालं की जांभळं होतं. दुसऱ्या दिवशी तो गठ्ठा घेऊन आला. कोट घातला होता, केस पाण्याने बसवले होते, म्हटलं हा कुठे बैठकीला निघाला की काय. म्हणाला, वर ठेवलंय ते आधी बघा. आणि चहाला न थांबता गेला. कागद जाड आणि चांगला होता. मी बसून दोन दिवसांत सगळ्याच्या पट्ट्या कापल्या आणि पहिल्याच संध्याकाळी मधलं दार, मग खिडक्या, सगळं चिकटवून टाकलं. पट्ट्यांवर जांभळी नक्षी उमटली आहे, एकदम सणाचं घर वाटतं. मधल्या दाराच्या खालच्या फटीत कापूस, पट्ट्यांवर नमदा, नमद्यावर रजई. सैन्य आलं तरी आवाज यायचा नाही.

तिसऱ्या दिवशी तो आला, दारातच उभा राहिला आणि विचारलं, बघितलंत? मी म्हटलं, बघितलं, फार छान चिकटतं. सगळं खिडक्यांना लावलंय, या ना आत, बघा. तो आत आला, स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ गेला, बराच वेळ पट्टीकडे बघत राहिला. मग म्हणाला, हो, उपयोगी पडलं, आणि निघून गेला. पुरुषांना कौतुक कळत नाही बघ.

आज थर्मामीटर सतरा आहे. सुटकेसला खोली रिकामी करायला सांगू नकोस.

मावशी


तोत्मा, ८ डिसेंबर

प्रिय रिम्मा,

तुझं पत्र नाही, बहुधा काम असेल. इथे उणे अठ्ठावीस झालं, घरात सोळा. तुझ्या सूचना उत्तम होत्या.

तसं सगळं ठीक आहे. फक्त सकाळी टकटक येत नाही. मी वाजवते, पण रजईवर वाजवणं म्हणजे उशीला बोटं मारण्यासारखं आहे, काही ऐकू जात नसणार. महिनाभर प्रोखोर लुकिच आलाही नाही. मला वाटलं, दार बुजवल्याचा राग आला. म्हणून मीच समोरून वळसा घालून गेले, मासे भरलेली भाकर घेऊन. म्हटलं, दाराचं वाईट वाटलं का? म्हणाला, नाही ग्लाफिरा साव्विश्ना, ऊब सगळ्यांनाच हवी. भाकर घेतली, चहाचं विचारलं नाही. त्याच्या घरात श्वासाची वाफ दिसते, रिम्मा. तो टोपी घालून बसतो.

नदीतला बर्फ फुटून बोटी सुरू झाल्या की तो अर्खांगेल्स्कला मुलीकडे कायमचा जाणार आहे, असं दुकानात कळलं. दुकानात. मला त्याने सांगितलं नाही. जाऊ दे. त्याची मुलगी आहे, त्याने जावंच.

घर मात्र खरंच गरम आहे.

ग्लाफिरा


लेनिनग्राद, २० डिसेंबर

मावशी,

सोळा! मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. आमचे विभागप्रमुख म्हणाले, तुमच्या मावशीला नोकरीवर घ्या.

शेजारी चालला आहे ते तुझ्या दृष्टीने चांगलंच आहे. त्याची बाजू रिकामी झाली की तिथे कोणी तरी नीट फटी बुजवणारं राहायला येईल, आणि तुला आणखी दोन अंश मिळतील. तुझ्या पत्रात तू थोडी उदास वाटलीस, बहुतेक खिडक्या बंद झाल्या की होतं तसं. झरोका रोज दहा मिनिटं उघडत जा.

१८ला बसने पोचते. खरं सांगू? मला वाटतं मी हरणार आहे.

रिम्मा


लेनिनग्राद, २६ जानेवारी १९७५

मावशी,

घरी पोचले, खारवलेल्या अळंबीची बरणी फुटली नाही.

मी जिंकले आणि मला मुळीच बरं वाटत नाही. उणे चौतीस होतं, मान्य. पण तेरा? मी गाडीत तीनदा गणित केलं. पाच खिडक्या, नमदा, रजई, कपाटामागची फट, भट्टी रात्री नऊला बंद. पंधरा यायला हवं होतं. फार तर साडेचौदा. तेरा येतच नाही. थर्मामीटर चुकीचा असेल म्हणून मी तो बर्फाच्या पाण्यात घालून तपासला, तू बघितलंस, त्याने बरोबर शून्य दाखवलं.

आणि तू वादही घातला नाहीस. जी बाई मला लहानपणी पत्त्यांत एक डाव देत नव्हती, ती म्हणाली, हरले, मार्चमध्ये येते. आणि लगेच उठून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळायला लागली. मला रडू आलं होतं, तू बघितलं नाहीस म्हणून सांगते.

एक कबूल करते. निघताना थर्मामीटरशेजारच्या खिडकीची एक पट्टी मी हळूच सोलून आणली, खळ कुठे सुटते का ते प्रयोगशाळेत बघायला. सोलवत नव्हती, नख तुटलं. उद्या बघते. ऊब कुठून तरी पळाली आहे आणि ते भोक मी शोधणारच.

रिम्मा


तार. लेनिनग्रादहून तोत्म्याला, २८ जानेवारी

सामान बांधू नकोस. खिडक्या वाच. चष्मा लाव. स्वयंपाकघरापासून सुरुवात कर. रिम्मा


तोत्मा, ४ फेब्रुवारी

रिम्मे, माझ्या बाळा,

तार घेऊन टपालवाली न्यूरा आली तेव्हा मी ताटल्या बांधत होते. तिने वाचून दाखवली, म्हणाली, भाचीचं डोकं ठीक आहे ना. मी म्हटलं, गणितं करून करून गेलं असेल. पण चष्मा लावला.

आता चष्म्याचं ऐक. ऑक्टोबरात माझा चष्मा मोडला होता, वोलोग्द्याला दुरुस्तीला दिला होता, पाच आठवडे आला नाही. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघ, डोळेही गेले, चल. म्हणून टाक खराब आहे म्हटलं. अख्ख्या तोत्म्याला पस्तीस वर्षं वाचायला लावणारी बाई मी, आणि घरात आलेला एकच कागद वाचला नाही. नंतर चष्मा आला तरी पट्ट्यांवर डोळा गेला नाही. पावत्याच त्या, कोण वाचतं, इतके किलो अळशी, इतकी ओली.

स्वयंपाकघराच्या खिडकीला डावीकडे खाली सापडलं. जांभळं अक्षर, पण पावतीचं नाही. “ग्लाफिरा साव्विश्ना, मी आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तोलला, शब्द तोलायची सवय नाही, म्हणून वेडंवाकडं लिहिलं तर”. तिथे पट्टी संपली. पुढच्या तीन पट्ट्या गोदामाच्या, सोळा पोती, सही. मग वरच्या बाजूला, स्टुलावर चढून, “ताइसिया गेल्यावर मला वाटलं होतं, आता कोणाचा आवाज नको. मग तुम्ही सकाळी वाजवायला लागलात”. मी स्टुलावरच बसले गं.

मग मी घरभर फिरले. बैठकीच्या खिडकीला एक ओळ उलटी लावलेली होती, ती मान वाकडी करून वाचली. “तुम्ही रात्री मोठ्याने वाचता ते मला ऐकू येतं, पुढे काय झालं ते कळावं म्हणून मी खोकत नाही”. तुझी सोललेली पट्टी झोपायच्या खोलीतली, ती तुझ्याकडे. त्यात काय आहे ते तू तारेत लिहिलं नाहीस म्हणून मी तुला माफ करणार नाही. पाचवी खिडकी झाली तरी शेवट मिळेना. सही नाही, आणि काय हवंय तेही नाही. माणूस अठरा वर्षं शेजारी राहतो, पानभर लिहितो, आणि मी सगळं कापून चिकटवते, आणि मुद्द्याचीच ओळ सापडत नाही.

मग आठवलं. मधल्या दारालाही पट्ट्या लावल्या होत्या. तुझ्या हुकमावरून.

रजई काढली. नमदा उपटला, खिळे कात्रीने काढले, हात सोलला. कापूस ओढला तशी गार हवा तोंडावर आली. दाराच्या उजव्या फटीवर, माझ्या खांद्याच्या उंचीवर, ती पट्टी होती. “मुलगी बोलावते आहे, पण तुम्ही म्हणालात तर मी जाणार नाही. तोंडाने सांगायला तुम्हालाही जड जाईल. तुमचं हो असेल तर उद्या सकाळी दोनऐवजी तीनदा वाजवा. नसेल तर नेहमीसारखं दोनदा, मी पुन्हा विषय काढणार नाही. प्रोखोर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजईवर बोटं मारत होते. त्याला काहीच ऐकू गेलं नाही, दोनही नाही. आणि खिडकीला स्वतःचं पत्र चिकटवलेलं त्याने स्वतः बघितलं. मी त्याला म्हटलं होतं, फार छान चिकटतं.

दुपारचे दोन वाजले होते. उद्या सकाळपर्यंत थांबायचं माझ्याच्याने झालं नाही. मी तीनदा वाजवलं.

काही नाही. मला वाटलं, घरात नाही, किंवा आहे आणि उत्तर द्यायचं नाही. पुन्हा तीनदा वाजवलं. पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग पावलं, पण दाराकडे नाही, उलट दिशेला. मग माझ्या पायरीवर बर्फ करकरला आणि दार उघडून प्रोखोर लुकिच आत आला, टोपी नाही, एका पायात नमद्याचा बूट, दुसऱ्यात चप्पल. शंभर पावलांचा वळसा घालून, उणे वीसमध्ये. उपटलेला नमदा, लोंबणारा कापूस, माझ्या हाताचं रक्त, सगळं बघितलं.

“तीनदा वाजवलंत?” तो म्हणाला.

“तीन महिने उशीर झाला,” मी म्हटलं. “चष्मा नव्हता.”

तो हसला नाही, बाकावर बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग दोघंही हसलो, इतके की न्यूरा पुन्हा आली, काय झालं ते बघायला.

आता तुझ्या गणिताचं. तुझं गणित बरोबर आहे, रिम्मा, त्यासाठी झोप घालवू नकोस. १९ तारखेला पहाटे पंधरा होतं. तू झोपली होतीस. मी उठून झरोका उघडला आणि अर्धा तास त्याखाली शालीत बसून राहिले, तेरा होईपर्यंत. ज्या भिंतीपलीकडे आता कोणी नसणार होतं, तिच्या अलीकडे गरम घरात बसून काय करायचं, असं वाटलं. ते भोक तुझ्या मेणबत्तीला कसं सापडलं असतं?

तुझी खोटारडी मावशी


लेनिनग्राद, ११ फेब्रुवारी

मावशी,

मी ऑफिसात मोठ्याने रडले आणि सगळ्यांनी पत्र वाचलं, परवानगी न घेता. विभागप्रमुखांनी चष्मा पुसला.

माझी पट्टी सोबत पाठवते आहे. त्यात लिहिलंय, “अठरा वर्षं भिंतीच्या अलीकडून तुमची पावलं ऐकतो, ग्लाफिरा साव्विश्ना, आणि आता त्यांच्याशिवाय”. पुढे खळीचा डाग. खळ चांगली लागली होती, तक्रार नाही.

मधलं दार बुजवायला मी सांगितलं. मी त्यांना म्हातारा म्हटलं आणि फुकट ऊब घेतो म्हटलं. ते वाक्य प्रोखोर लुकिचना वाचून दाखवू नकोस. पैज रद्द. फसवणूक झाली आहे, त्यामुळे कायद्यानेही रद्द.

पण मी इंजिनीयर आहे, म्हणून विचारते. ते दार आता बुजवलंत का पुन्हा?

रिम्मा


तोत्मा, २० फेब्रुवारी

रिम्मे,

मी ते वाक्य त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, पोतं अजूनही कमीच भरतंय, आणि तुला क्लाउडबेरीचा मुरंबा पाठव म्हणाला. पार्सलने येईल.

दार बुजवलं नाही. अठरा वर्षांचे खिळे त्याने एकेक करून काढले, सरळ केले, डब्यात ठेवले, फेकू देत नाही. दार उघडलं. तेव्हापासून त्याच्या बाजूचा सगळा गारठा इकडे येतो. त्याच्या खिडक्यांच्या दोन चौकटींमध्ये कापसाऐवजी नुसती एक जुनी टोपी कोंबलेली आहे, शपथेवर सांगते. दोन्ही भट्ट्या पेटवल्या तरी आम्ही चहा पिताना शाल पांघरतो. लग्नाची नोंद १५ मार्चला, शनिवारी आहे. न्यूरा साक्षीदार. रजा मिळाली तर ये. नाही मिळाली तर ऑक्टोबरात नक्की ये, त्याच्या खिडक्या करायच्या आहेत. खळ मी करेन, मेणबत्ती तू धर. कागद त्याचाच, पण कापायच्या आधी प्रत्येक पान मी मोठ्याने वाचणार आहे, असं ठरलंय. तुझी पट्टी तिच्या जागी पुन्हा चिकटवली. बाकीच्याही वसंतात काढणार नाही, त्या खिडक्या यंदा बंदच राहतील, झरोका पुरे.

आज सकाळी सहाला तो पलंगाजवळचा थर्मामीटर बघून आला आणि उंबरठ्यावर उभा राहून, दार सताड उघडं असताना, चौकटीवर दोनदा टकटक केली. सवय. मी पण केली.

बारा आहे, रिम्मा. मी येणार नाही.

तुझी मावशी